किराया पुरा, मग पाणी-वीज अपुरी का?

या पानावर कापसाचे भाव येतात, सुताचे भाव येतात, जीएसटीच्या तारखा येतात. ज्या छपराखाली बसून आपण हा सारा व्यवहार करतो, त्या छपराचा मसला मात्र क्वचितच येतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी अशा आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या बाजारात जा. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, किंवा समोर मशीन व मागे चूल, अशी घरे ओळीने दिसतील. त्यांत राहणारे पुष्कळसे आपले बांधव किरायेदार आहेत. कोणी शिंपी, कोणी रंगारी, कोणी गाद्या भरणारा, कोणी आमच्यासारखा कापडवाला. यांच्या घराचा नळ बंद झाला किंवा मीटर कापले गेले तर घर आणि रोजगार दोन्ही एकाच दिवशी बंद पडतात. म्हणून या प्रश्नाला आम्ही व्यापाराचाच प्रश्न समजतो.

विलायतेत आणि अमेरिकेत घरमालक-किरायेदारांचे मोठे भांडण हिवाळ्यात होते. घर गरम ठेवणारे यंत्र बिघडले, नळाला गरम पाणी आले नाही, तर किरायेदार तक्रार करतो आणि कायदा त्याच्या मागे उभा राहतो. इंग्लंडमध्ये १९८५ चा जमीनमालक व भाडेकरू कायदा आहे. सात वर्षांहून कमी मुदतीने घर दिले असेल तर पाणी, गॅस, वीज, घर तापवण्याची व पाणी तापवण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, असे त्याच्या कलम ११ मध्ये लिहिलेले आहे. न्यूयॉर्क शहरात तर आकडेच ठरवून दिलेले आहेत. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, दिवसा बाहेरचा पारा साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेला तर घरात किमान २० अंश ऊब मालकाने द्यावी, आणि गरम पाणी मात्र बाराही महिने द्यावे, असा तेथील नियम आहे.

वाचक म्हणतील, जनाब, आमच्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आम्हाला घर तापवण्याचे काय सांगता? बरोबर आहे. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे, पण मसला तोच आहे. तेथे उबेवाचून माणूस आजारी पडतो, तर येथे कूलर आणि पाणी यांच्यावाचून पडतो. आणि हिवाळा आपल्यालाही आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वजूचे पाणी हाताला झोंबते. घरात म्हातारी माणसे असतात, बाळंतीण असते, तान्हे मूल असते. तेव्हा गीझर किंवा पाण्यातला रॉड चालावा म्हणून वीज लागतेच. आधी नळाला पाणी आणि मीटरला वीज असेल, तरच पुढे ते गरम करण्याचा किंवा हवा गार करण्याचा सवाल येतो.

कापून विकलेला गज

आम्ही कापडाच्या धंद्यातले माणूस आहोत, म्हणून हिशोब गजानेच करतो. गिऱ्हाइकाने पाच मीटरचे पैसे दिले आणि आम्ही साडेचार मीटर कापून दिले, तर त्याला लोक काय म्हणतील? चोरीच म्हणतील. मग किरायाचे तरी वेगळे काय आहे? महिन्याचा किराया हा चार भिंतींचा नुसता मोबदला नाही. खोली दाखवताना मालकाने नळ दाखवला, टाकी दाखवली, मीटर दाखवले, जिन्यातला दिवा दाखवला, संडास दाखवला. त्या सगळ्याची मिळून किंमत ठरली. नंतर किराया पुरा घ्यायचा आणि पाणी बंद ठेवायचे, हा गज कापून विकण्याचाच प्रकार झाला.

हा प्रकार प्रत्येक वेळी उघडपणे होतो असे नाही. बरेचदा तो बिघाडाचे सोंग घेऊन येतो. मोटार जळाली आहे, मिस्त्री येत नाही. टाकी गळते आहे, पुढच्या महिन्यात बघू. वायरिंग जुने झाले आहे, तुम्ही कूलर लावू नका. मीटर मालकाच्या नावाने असते. किरायेदार दरमहा पैसे देतो, पण मालक बिल भरत नाही आणि एके दिवशी महावितरणचा माणूस येऊन वीज तोडून जातो. मालक हात वर करून म्हणतो, आम्ही कुठे तोडली? जुन्या बाजारातील जागेला आता भाव आला आहे. ज्या किरायेदाराला कोर्टातून काढायला वर्षे लागतील, तो पाण्याविना महिन्याभरात आपोआप निघून जाईल, असा हिशोब करणारे लोक आहेत.

यात कारागिराचे नुकसान सर्वांत जास्त होते. शिंप्याची मशीन मोटारवर चालते. ओव्हरलॉक, पिको-फॉल, इस्त्री सगळे विजेवर आहे. लगनसराईत किंवा ईदेच्या आधीच्या पंधरा दिवसांत आठ दिवस वीज गेली, तर ते केवळ आठ दिवसांचे नुकसान नसते. वेळेवर कपडा मिळाला नाही म्हणून गेलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही परत येत नाही. रंगाऱ्याला तर गरम पाण्याशिवाय हातच घालता येत नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्या विदर्भात फार वर्षे १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश चालत होता. जिल्हा जुन्या मध्यप्रांतात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी तो आदेश राहिला. मालकाला घर खाली करण्याची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. जुने लोक अजूनही 'रेंट कंट्रोलरकडे जाऊ' असे म्हणतात ते यामुळे. परंतु ३१ मार्च २००० पासून संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा एकच कायदा लागू झाला आणि जुना आदेश संपला. राहण्याची, व्यापाराची, साठवणीची आणि शिक्षणाची जागा या कायद्यात येते, म्हणजे घर आणि दुकान दोन्ही. तो कोणत्या भागांना लागू आहे याची यादी कायद्याच्या अनुसूचीत आहे. आपले गाव तीत आहे का, हे वकिलाकडून एकदा पाहून घ्यावे. मशीद-दर्ग्याच्या वक्फ गाळ्यांना वक्फचा कायदाही लागतो, तो विषय स्वतंत्र आहे.

या कायद्याचे कलम २९ प्रत्येक किरायेदाराने लक्षात ठेवावे. योग्य व पुरेसे कारण असल्याशिवाय मालकाने स्वतः किंवा दुसऱ्याच्या हातून भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडू नये किंवा अडवू नये, असे त्यात स्पष्ट आहे. अत्यावश्यक पुरवठ्यात पाणी, वीज, जिन्यातले व बोळातले दिवे, लिफ्ट आणि सफाईची व्यवस्था यांचा समावेश आहे. गरम पाण्याचे नाव या यादीत नाही. पण कायद्याने 'यांचा समावेश होतो' असे म्हटले आहे, 'एवढेच' असे म्हटलेले नाही. म्हणून मालकाने बसवलेला आणि किरायात धरलेला गीझर किंवा सौर बंब मुद्दाम बंद ठेवला, तर त्याबद्दलही दाद मागता यावी, अशी आमची समजूत आहे. निर्णय अर्थातच न्यायालयाचा.

याच कलमातली आणखी एक गोष्ट फार कामाची आहे. मालकाच्या कृतीमुळे किंवा हलगर्जीमुळे नगर परिषदेने पाणी तोडले अथवा दुसऱ्या अधिकाऱ्याने पुरवठा बंद केला, तर तोही मालकानेच अडवला असे धरले जाते. म्हणजे किरायेदाराकडून पैसे घेऊन बिल न भरणाऱ्याला 'आम्ही तोडले नाही' ही सबब चालत नाही.

दाद कोठे मागायची? आपल्याकडे तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात. एकट्याने अर्ज करता येतो, आणि एकाच इमारतीतील किरायेदारांना मिळूनही करता येतो. चौकशी पुरी होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. न्यायालय अंतरिम आदेश देऊन ठराविक तारखेच्या आत पुरवठा सुरू करायला लावू शकते. आदेश मोडला तर दर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड आहे. विनाकारण पुरवठा तोडणे हा गुन्हाही आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

दुरुस्तीबद्दल कलम १४ आहे. करारात उलट काही ठरलेले नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. त्याने दुर्लक्ष केले तर किरायेदाराने लेखी नोटीस द्यावी. पंधरा दिवसांत काम झाले नाही तर किरायेदार स्वतः दुरुस्ती करून तो खर्च किरायातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त होता कामा नये. हिशोब सोपा आहे. किराया महिना ४,००० रुपये असेल तर वर्षाचे ४८,००० झाले, चौथा हिस्सा १२,०००. पाइप व वायरिंगच्या दुरुस्तीला ९,००० लागले तर ते वळते होतील, १५,००० लागले तर त्या वर्षी १२,००० च होतील.

मीटरच्या बाबतीतही किरायेदार लाचार नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कोणीही वीज मागू शकतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणावरून किरायेदाराला वीज नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढेच वीज कंपनीने पाहायचे आहे.

किराया थांबवू नका

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. पाणी बंद झाले की आपले बांधव रागाने पहिली गोष्ट करतात ती म्हणजे किराया देणे बंद करतात. यासारखे आत्मघातकी काम दुसरे नाही. या कायद्यात किरायेदाराचे खरे कवच हेच आहे की तो किराया देतो आणि द्यायला तयार आहे. थकबाकी झाली, मालकाने लेखी मागणी केली आणि नव्वद दिवस उलटले, की मालकाला जागा खाली करण्याचा दावा लावता येतो. समन्स मिळाल्यावर नव्वद दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के व्याजासह आणि खर्चासह भरली तर जागा वाचते, पण तोपर्यंत पाण्याचा मसला बाजूला पडतो आणि किरायेदार स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. म्हणून वजावट करायची ती कलम १४ प्रमाणे, नोटीस देऊन व बिले जपून. बाकी किराया बँकेतून किंवा चेकने, पुरावा राहील अशा रीतीने वेळेवर द्यावा. रोख दिला तर पावती घ्यावी. पावती देणे मालकाला बंधनकारक आहे.

कुलूप तोडणे, मालकाच्या मोटारीला हात लावणे, खांबावर आकडा टाकणे हेही नको. हक्क आपला असतो आणि अशा एका कृतीने गुन्हा आपल्यावर दाखल होतो.

नवे किरायेदार बहुधा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने राहतात. त्यांनी अधिक सावध राहावे. कलम २९ ची भाषा भाडेकरूसाठी आहे आणि परवान्यावर राहणारा कायद्याच्या नजरेत भाडेकरू नसतो. त्याला आधार कराराचाच. म्हणून सही करण्यापूर्वी पाणी किती वेळ येणार, टाकी व मोटार कोणी दुरुस्त करायची, मीटर कोणाच्या नावावर, बिल कोण भरणार, गीझर असेल तर तो किरायात आहे की नाही, हे सगळे त्यात लिहून घ्यावे. करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे, असे कलम ५५ सांगते, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. तेव्हा कागद करणे हे मालकाच्याही फायद्याचे आहे.

मालकाचीही बाजू आहे

आम्ही एकतर्फी बोलू इच्छित नाही. आपल्याच समाजात घरमालकही आहेत. विधवा बाई असते, दोन खोल्यांच्या किरायावर तिचे घर चालते. कोठे जुना किरायेदार तीस वर्षांपूर्वीचाच किराया देतो, त्यातून मालकाचा घरटॅक्सही निघत नाही, आणि वर टाकी बदला म्हणून तगादा असतो. ही तक्रार खोटी नाही. पण तिचा इलाजही कायद्यातच आहे. कलम ११ प्रमाणे मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ मागता येते. किराया ३,००० असेल तर पुढच्या वर्षी ३,१२० मागणे हा त्याचा हक्क आहे. किरायेदाराने ही वाढ कुरकुर न करता द्यावी. जो किरायेदार वाजवी वाढ देत नाही, त्याने दुरुस्तीचा हक्क कोणत्या तोंडाने मागायचा? आणि ज्या मालकाला खरोखर स्वतःसाठी जागा हवी आहे, त्याने कोर्टात जाऊन गरज सिद्ध करावी. पाणी तोडून माणसाला हाकलणे हा इन्साफ नव्हे, तो जुलूम आहे.

कायद्यातही उणिवा आहेत आणि त्या बोलल्या पाहिजेत. दिवसाला शंभर रुपये दंड हा १९९९ मध्येही फार नव्हता. आज तर एका टँकरचे पैसेही त्यातून निघत नाहीत. ज्याच्या डोळ्यांसमोर जुन्या बाजारातील लाखोंची जागा आहे, तो शंभर रुपये हसत भरेल. हा दंड राज्य सरकारने किरायाच्या प्रमाणात बांधला पाहिजे, म्हणजे मोठ्या जागेच्या मालकाला मोठा लागेल. दुसरे, चौकशीला मुदत पाहिजे. केंद्राने जून २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात अशा तक्रारीची चौकशी एका महिन्यात संपवावी असे म्हटले आहे. तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. परंतु एवढी एक तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात घालायला काय हरकत आहे? वीज नसताना शिंप्याला सहा महिन्यांनी मिळालेला न्याय काय कामाचा?

तिसरी मागणी नगर परिषदांकडे आहे. वीज ताबेदाराच्या नावाने मिळू शकते, तर नळही मिळाला पाहिजे. ताबा सिद्ध करणाऱ्या किरायेदाराला स्वतंत्र नळजोडणी द्यावी आणि पाणीपट्टीही त्याच्याच नावाने घ्यावी. नगर परिषदेची वसुलीच सुधारेल.

बांधवांनी काय करावे

सरकार करील तेव्हा करील. आज आपल्या हातात असलेल्या गोष्टी या आहेत. पाणी किंवा वीज बंद झाली तर त्याच दिवशी तारीख घालून मालकाला लेखी कळवावे आणि प्रत जपावी. स्पीड पोस्टाने किंवा सही घेऊन द्यावे. बंद नळाचा व मीटरचा फोटो काढावा. दुरुस्तीचा प्रश्न असेल तर पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. मुद्दाम तोडलेले असेल तर पंधरा दिवस वाट पाहू नये, लगेच न्यायालयात अंतरिम आदेश मागावा. इमारतीतील सगळ्या किरायेदारांनी एकच अर्ज करावा, म्हणजे वकिलाचा खर्च वाटून जातो आणि एकट्यावर दबाव येत नाही. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, कामगार आणि ठराविक उत्पन्नाच्या आतील लोकांना तेथे मोफत वकील मिळतो. लाज न बाळगता जावे.

आणि एक शेवटची गोष्ट. न्यायालयाच्या पायरीच्या आधी मोहल्ल्याची पायरी आहे. बाजारातील दोन बुजुर्ग, एक मालकाच्या बाजूचा व एक किरायेदाराच्या बाजूचा, बसले तर निम्मे मसले एका चहात मिटतात, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. मात्र त्या बैठकीत ठरलेले कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. दुकानदार उधारीही वहीत लिहितो. मग घराचा, पाण्याचा आणि विजेचा मामला तोंडी का ठेवावा?

आपल्या बांधवांनी आपापला करार, शेवटची पावती आणि विजेचे बिल या आठवड्यात काढून एकदा नजरेखाली घालावे. मीटर कोणाच्या नावाने आहे आणि बिल शेवटचे कधी भरले गेले, एवढे जरी पाहिले तरी पुढच्या उन्हाळ्यात कूलर बंद पडून रस्त्यावर बसण्याची पाळी पुष्कळांवर येणार नाही.